वरंध्याचा घाट आणि गाडीतला पिवळा दिवा

कोकणातून देशावर चढायला वाटा पुष्कळ. पोलादपूरहून आंबेनळीने महाबळेश्वर गाठता येते, माणगावहून ताम्हिणीने पुणे. पण आम्हा महाडकरांना नुसते ‘घाट’ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो वरंध्याचा. मुंबई-गोवा रस्ता सोडून बिरवाडीवरून आत वळले की शेते, आंब्या-फणसांची झाडे आणि कौलारू घरे लागतात. मग वरंध गाव. समर्थांनी जिथे दासबोध सांगितला असे मानतात, ती शिवथरघळ ह्याच बाजूला. वरंधनंतर माझेरी, आणि तिथून रस्ता वर चढायला लागतो. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी. माथ्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे. चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत आणि भज्यांवर डोळा ठेवून बसलेली माकडेही आहेत. जवळच कावळ्या किल्ला. घाटरस्ता ह्या किल्ल्याचा डोंगर चिरूनच पुढे जातो, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

यंदा दिवाळीनंतर आम्ही ह्या वाटेने पुण्याला गेलो ते एका लहानशा दिव्यासाठी. मैत्रिणींनो, हसू नका! देवापुढच्या नव्हे, मोटारीतल्या दिव्यासाठी.

आमच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे. मामंजींनी १९७० साली घेतलेली. मूळची ही ट्रायम्फ हेराल्ड, विलायती गाडी. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून इथे बनवली आणि १९७१ च्या सुमारास बंद केली. हिचे नाक आणि दोन्ही मडगार्डे मिळून सबंध पुढच्या बाजूला उलगडतात, त्यामुळे गाडी उघडली की गावातली पोरे अजून गोळा होतात. हिच्याच सांगाड्यावर, तो आखूड करून, इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची ऐटबाज स्पोर्ट्‌स गाडी निघाली. तेव्हा आमची हेराल्ड म्हणजे त्या नखरेल बाईची संसारी बहीण म्हणायची.

जुलै २०२१ मध्ये महाडात पूर आला तेव्हा ही गाडी पाण्याखाली गेली. त्याच वेळी आमच्या तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हा मोटारीचे दुःख कुणापुढे सांगायचे? घर धुऊन निघाले, धान्य-कपडे-फर्निचर फेकून झाले, आणि पुष्कळ महिन्यांनी ह्यांनी गाडीला हात घातला. इंजिन खोलले, वायरी बदलल्या, गाद्या नव्या केल्या. राहिला तो आतला दिवा. त्याचे पितळी चिमटे हिरवे पडलेले आणि वरचे झाकण फुटलेले.

गावातल्या वायरमनने त्या जागी एक नवा एलईडी दिवा बसवून दिला. लख्ख पांढरा उजेड पडला. सासूबाई काठी टेकत आल्या, दार उघडून आत बसल्या, मला शेजारी बसवले आणि माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “हा काढा. ह्या उजेडात माणूस मेल्यासारखं दिसतं. आधीचा होता तसा आणा.”

ह्यांनी कपाळाला हात लावला. पन्नास वर्षांपूर्वीचा दिवा आणायचा कुठून? एका दुकानातून बल्ब आणला तो आखूड निघाला. चिमट्यात बसला खरा, पण खड्ड्यात चाक गेले की खाली पडायचा. दुसरा आणला तो लांब, त्याने चिमटेच वाकले. शेवटी आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे ठरवले. सासूबाईही “मीसुद्धा येते” म्हणून निघाल्या. एवढ्याशा दिव्यासाठी हा हट्ट का, हे मला वाघजाईपाशी चहा पिताना कळले.

१९७२ सालची गोष्ट. थोरल्या वन्सं तेव्हा चार वर्षांच्या. घसा सुजला, ताप हटेना, श्वासाला घरघर लागली. डॉक्टर म्हणाले, घटसर्प वाटतो, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. रात्रीचे दहा वाजून गेले होते. मामंजी गाडी चालवत होते आणि सासूबाई मागे, पोर मांडीवर. घाटात आतला दिवा लावला की त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते आणि समोरचा रस्ता दिसत नाही. तेव्हा मामंजींनी बजावले, दिवा लावू नकोस.

“पण मला तिचं तोंड दिसेना ना गं,” सासूबाई सांगत होत्या. “ओठ निळे पडले तर थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग मी म्हटलं, प्रत्येक वळण सरलं की सरळ रस्त्याला क्षणभर लावते. ते ‘हं’ म्हणायचे, मी खटका दाबायची, ओठ बघायची आणि विझवायची. असा सगळा घाट चढलो. त्या पिवळ्या उजेडात तिचे ओठ लाल दिसत होते, त्याच्यावर मी तग धरला. परवाच्या त्या पांढऱ्या दिव्यात तुझेसुद्धा ओठ निळे दिसले मला.”

वन्सं वाचल्या. आता त्यांना नातवंडे आहेत. आम्ही दोघींनी चहा संपवला आणि उठलो. हे गाडीपाशी माकडांना हाकलत होते. त्यांना हे सारे माहीत होते की नाही, मी विचारले नाही.

घाटमाथ्यापलीकडे भोर तालुका लागतो. नीरा ह्याच डोंगरात उगम पावते. नीरा-देवघर धरणाचे पाणी पुष्कळ अंतर रस्त्याला सोबत करते. भोरला संस्थानी राजवाडा बाहेरून पाहिला, जेवलो, आणि कापूरहोळला पुण्याच्या मोठ्या रस्त्याला लागलो.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरत आलेला. तिथे पितळी अडकित्त्यापासून शिवणयंत्राच्या चाकापर्यंत सगळे मांडलेले असते. एका म्हाताऱ्या दुकानदाराने आमचे फुटके झाकण हातात घेतले, उलटेसुलटे पाहिले आणि पेटीतून तसेच दुसरे काढले. दिसायला जुळे भाऊ! पण स्क्रूची भोके जुळेनात. “ते अँबॅसिडरचं असेल,” म्हणत त्याने आणखी एक पेटी उपसली आणि बरोबर तेच काढून दिले, उन्हाने थोडे पिवळे पडलेले. बल्ब मात्र नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नवा कोरा मिळाला.

ज्यांच्या घरी आजोबांची फियाट, अँबॅसिडर किंवा एखादी एमजी उभी असेल, त्यांच्यासाठी तिथे शिकलेल्या गोष्टी सांगते.

जुना दिवा फुटका असला तरी फेकू नका, तोच नमुना म्हणून न्या. हा बल्ब दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, औषधाच्या कॅप्सूलसारखा असतो. त्याची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजा. ३१, ३६, ३९, ४२ मिलिमीटर असे वेगवेगळे येतात आणि चार-पाच मिलिमीटरचा फरकही चालत नाही. व्होल्ट पाहा. बहुतेक गाड्या १२ व्होल्टच्या, फार जुन्या काही ६ च्या. वॅट पाहा. पाचच्या जागी दहाचा लावला तर उजेड वाढतो, पण उष्णतेने प्लॅस्टिकचे झाकण वितळते.

झाकणाच्या आतल्या बाजूला अक्षरे किंवा नंबर असल्यास लिहून घ्या. एमजी, ट्रायम्फ, जग्वार अशा बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे दिवे बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे असत, आणि स्पोर्ट्‌स गाडीतला दिवा पुष्कळदा एखाद्या साध्या घरगुती गाडीतही सापडतो. इंग्लंडात ह्या गाड्यांसाठी असे भाग नव्यानेही बनतात. पण मागवण्याआधी स्क्रूच्या भोकांमधले अंतर मोजा.

एलईडीच लावायचा असेल तर आधी बॅटरी पाहा. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे. पुष्कळ एलईडी उलट जोडणीत पेटतच नाहीत. साध्या तारेच्या बल्बला मात्र उलटसुलट काही नसते. आणि दिवा लागला नाही की लगेच बल्बला दोष देऊ नका. काही गाड्यांत दाराच्या चौकटीत बटण असते, ते गंजले की दिवा लागत नाही. बॅटरीची वायर काढून चिमटे आणि बटण बारीक पॉलिश कागदाने घासा. निम्मे दिवे तेवढ्यानेच पेटतात.

वरंध्याने जायचे असेल तर पाऊस ओसरल्यावर जा. दरडींमुळे पावसाळ्यात हा घाट अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. पेट्रोल महाडला किंवा भोरला भरून घ्या, खाण्याच्या पिशव्या माकडांसमोर उघडू नका आणि उजेडी घाट उतरा.

बल्ब घेताना दोन जास्तीचे घ्या. आमचे सासूबाईंनी कापसात गुंडाळून जुन्या अत्तराच्या डबीत ठेवले आहेत.