एका सोऱ्याची दिवाळी

सुरतेत लूमवर राबायला आलेल्या आम्हा खानदेशी लोकांच्या चाळींत सोऱ्या घरोघरी नसायचा. दहा-बारा बिऱ्हाडांत एखादाच, पितळेचा, जड. तो कोणाकडे कधी जाणार यावर कोणाच्या चकल्या कधी, हे ठरायचं. आता लिंबायत-उधन्यात घरटी स्टीलचा, मूठ फिरवली की चालणारा सोऱ्या आहे. तो माळ्यावर पडून आहे.

भाजणी म्हणजे चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, मूठभर धने, थोडं जिरं. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजलेलं. चक्कीवर डबा ठेवला की झालं, असं नव्हतं. आधी कोणाचे तांदूळ नाहीतर हरभरे दळले जाताहेत ते बघून त्यामागे नंबर लावायचा. गव्हामागे दळली की भाजणी बिघडलीच, अशी आयांची खात्री. आता पिशवी फोडायची, मोहन घालायचं, मळायचं.

चकल्या पाडायच्या त्या वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांवर. 1863 पासून सुरतेत निघणारं ‘गुजरातमित्र’ त्यासाठी जपून ठेवलेलं असे. मराठी शाळेत जाणाऱ्या आम्हा पोरांनी पुष्कळ गुजराती अक्षरं त्या तेलकट कागदांवर गिरवली. आमच्याकडे एकच काम होतं: चकलीचं शेवटचं टोक बोटानं दाबून चिकटवायचं, नाहीतर ती कढईत उलगडते. छापील कागदावर खाणं ठेवू नका, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2016 मध्ये बजावलं, ते बरोबरच आहे. शाई पोटात जात होती. आता बटर पेपर असतो, स्वच्छ आणि कोरा.

आणि ते दिवस सुखाचे होते असं कोणी म्हणू नये. रेशनच्या रांगेतून आणलेलं रॉकेल, स्टोव्हचा धूर, कोंदट खोली. बाप बारा तासांच्या पाळीत उभा, आई मध्यरात्रीपर्यंत कढईपुढे बसलेली. सोऱ्या दाबून तिच्या तळव्याला फोड यायचे. आमचा सण तिच्या झोपेतून निघत होता. आज ती चकल्या विकत आणते, याचं आम्हाला मनापासून बरं वाटतं.

कारखाने बंद झाले की पत्र्याचा डबा घेऊन भुसावळकडची गाडी. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. गाडी तिथं थांबली की डबा उघडायचा आणि शेजारच्या अनोळखी माणसालाही द्यायचा. अमळनेर येईतो तळाशी चुरा उरायचा. आता पार्सल जातं, एक चकली मोडत नाही.

सोऱ्या एक, चकती एक, म्हणून साऱ्या चाळीच्या चकल्या दिसायला सारख्या. तरी तोंडात टाकली की घर ओळखू यायचं: शिरपूरच्या मावशींची झणझणीत, नंदुरबारच्या काकूंची तिळानं भरलेली, आमच्या आईची ओव्याची. दुकानातली प्रत्येक पुड्यातून एकाच चवीची निघते, आणि खरं सांगायचं तर ती बहुतेकदा आमच्यापेक्षा खुसखुशीतही असते. पण मावशींच्या त्या तिखटासाठी रॉकेलचा वास लागलेली, एका बाजूनं करपलेली चकली आम्ही आजही आनंदानं खाऊ.