फेरातला दम

दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात फारांदोल नावाचा साखळीनाच आहे. हातात हात गुंफलेली माणसांची रांग गल्लीबोळांतून उड्या घेत जाते, शंखासारखी गुंडाळते, उलगडते आणि उंचावलेल्या हातांच्या कमानीखालून निसटते. त्याचं मूळ सांगणारे थेट थीसियसपर्यंत जातात: चक्रव्यूहातून सुटल्यावर तो डेलॉस बेटावर क्रौंचनृत्य नाचला आणि तेच ग्रीकांबरोबर मार्सेयला आलं. कथा देखणी आहे, पण तिला सलग धागा नाही. हाती लागणारा पुरावा बराच अलीकडचा: आंब्रोज्यो लोरेंझेत्तीने १३३८-३९ च्या सुमारास इटलीतल्या सिएनाच्या नगरभवनात रंगवलेलं भित्तिचित्र. त्यात साखळी कमानीखालून जाते आहे आणि डफ वाजवत गाणारी व्यक्ती साखळीबाहेर उभी आहे. आम्हा फेर बसवणाऱ्यांना थीसियसपेक्षा ही बाहेर उभी असलेली व्यक्ती जास्त शिकवते.

आमच्याकडेही मुळाचं तसंच. कोल्हापुरात मुली-बायका हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गातात त्या हादग्याचं मूळ विचारलं की हस्त नक्षत्र, हत्ती आणि पाऊस ही उत्तरं येतात. ती खोटी नाहीत. पण त्यांतून फेर कधी आणि कशासाठी धरायचा ते कळतं, पाऊल असंच का, ते कळत नाही. माझ्या मते पावलाचं मूळ दमात आहे. हादग्यात फेर धरणाऱ्याच गातात. जुन्या रीतीने पहिल्या दिवशी एक गाणं, मग रोज एक वाढवत सोळाव्या दिवशी सोळा. एवढं गायचं तर पाय चालीतच हवा, उडी घेतली की शब्द तुटतो. फारांदोलला वादक वेगळा असतो. एका हाताने तीन भोकांची बासरी, दुसऱ्याने ढोल. नाचणाऱ्यांचा सगळा दम पायांत उतरतो. पालघरकडच्या वारल्यांत तारपा फुंकणारा मध्ये आणि साखळी त्याच्याभोवती. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतली वलयं हीच. लेझीम तर हातातच वाजते, म्हणून तिथे हात सुटतात आणि साखळीच्या रांगा होतात.

कुणी म्हणेल, झिम्म्यात बायका उड्याही घेतात आणि गातातही, त्याचं काय? पण तिथे एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. दम वाटून घेतलेला असतो. फुगडी रंगात आली की शब्द गळतात, उरतो तो नुसता पकवा, म्हणजे तालात सोडलेला श्वास. दुसरा आक्षेप असा की, अशाने विधीला गौणत्व येतं. तसं नाही, विधी फेराला मध्य देतो, चाल मात्र छातीचा भाता ठरवतो. याची परीक्षा हल्ली स्पर्धांच्या मंचावर आपोआप होते. गाणं स्पीकरवर गेलं की हादग्याचं पाऊलही उडू लागतं. तोच हत्ती, तीच गाणी, त्याच बायका. बदलला तो फक्त गाणारा गळा.