शेवटचा का होईना, नंबर हवा

कुत्रीच्या ‘त्या’ दिवसांवर लेख म्हटल्यावर काही मैत्रिणींनी नाक मुरडलेच असेल. पण जिच्या घरी कुत्री आहे तिला ठाऊक आहे, वर्षातून साधारण दोनदा येणारे हे तीन आठवडे म्हणजे घरातल्या बाईचीच परीक्षा! फरशी तिनेच पुसायची, फाटक तिनेच सांभाळायचे आणि शेजारणींचे बोलणेही तिनेच ऐकायचे.

माझ्या भाचीची लॅब्राडॉर ज्युली २०२३ च्या भाद्रपदात नागपूरहून आमच्याकडे फुलचूरला राहायला आली, ती याच कारणाने. भाची तिला कुत्र्यांच्या शिकवणीला नेते. बस, थांब, फेकलेली वस्तू उचलून आण, डाव्या बाजूने बरोबर चाल, अडथळ्यावरून उडी मार, असा सगळा अभ्यासक्रम. ज्युली माजावर आली आणि शिकवणीवाल्यांनी सांगून टाकले, "महिनाभर आणू नका. बाकीचे कुत्रे ऐकत नाहीत." मला हसूच आले. ऐकत नाही तो, आणि घरी बसते ती!

इकडे भाद्रपद म्हणजे गल्लीतल्या कुत्र्यांचा हंगामच. दुसऱ्या दिवसापासून आमच्या फाटकाशी पाचसहा उमेदवार मुक्कामाला. रात्री त्यांची भांडणे, सकाळी आमच्या ह्यांची कटकट. भांडी घासायला येणारी बाई म्हणाली, "बाई, पूर्ण गावाले आवतन देलं का जी?"

त्यातच महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. मला धाकधूक, आता सासूबाई काय म्हणतात! पण त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, मुक्या जनावराला कसला विटाळ? राहू दे तिला ओसरीवर." आणि त्याच दिवसांत अडचण आलेली माझी जाऊ मात्र मागच्या खोलीत बसून होती. मी एकदा ओसरीकडे पाहिले, एकदा त्या खोलीकडे. सणाच्या घरात वाद नको म्हणून बोलले नाही. पण ते मनात राहिलेच.

खरे तर या दोन गोष्टींत फार मोठा फरक आहे. बाईची पाळी म्हणजे त्या महिन्यात गर्भ राहिला नाही याची खूण. कुत्रीचे उलटे आहे. तिचा रक्तस्राव ही येणाऱ्या दिवसांची वर्दी असते. पहिले आठ-नऊ दिवस स्राव लाल असतो, नर मागे लागतात, पण ती त्यांना जवळ येऊ देत नाही. पुढच्या आठ-दहा दिवसांत स्राव फिका पडतो. ‘चला, संपले’ असे म्हणून आपण फाटक उघडे टाकतो, आणि नेमके तेच दिवस गर्भ राहण्याचे! मग सुमारे ६३ दिवसांनी पिले मोजत बसा.

म्हणून पहिला डाग दिसला की कॅलेंडरवर खूण करावी आणि पुढचे तीन आठवडे तिला एकटी बाहेर सोडू नये. अंगणात नेतानाही हातात पट्टा हवाच. जुन्या सुती कापडाची चड्डी शिवली तर फरशी वाचते, पण ती वरचेवर बदलावी. चड्डीने नर मात्र अडत नाही, त्या भरवशावर राहू नये. पुढचे दोन महिनेही लक्ष असावे. ती मलूल झाली, फार पाणी पिऊ लागली, अंगावरून घाण वास येणारा स्राव जाऊ लागला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय न करता त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पिले नको असतील तर दोन माजांच्या मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेण्याबद्दल त्यांनाच विचारावे.

महिनाअखेरीस त्याच शिकवणीची स्पर्धा होती. "ज्युलीला घेणार नाही," असा निरोप आला. भाची पडली हट्टी. तिने नियम शोधून काढले. इंग्लंडमध्ये अशा कामाच्या स्पर्धांत माजावरच्या कुत्रीला साधारणपणे घेत नाहीत. पण १९११ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने आज्ञापालनाच्या स्पर्धांसाठी वेगळा मार्ग काढला आहे. अशा कुत्रीला भाग घेता येतो. फक्त बाकी सर्वांचे होईपर्यंत तिला मैदानापासून दूर ठेवायचे आणि तिचा नंबर सर्वांत शेवटी लावायचा. किती साधी तोड! नरांचे लक्ष विचलित होते ही अडचण खरीच आहे, जमिनीवर राहिलेल्या वासानेसुद्धा होते. पण त्यासाठी तिला घालवून द्यायला नको, नुसता क्रम बदलला की झाले.

भाचीने तो नियम दाखवला आणि शिकवणीवाल्यांनीही समजूतदारपणे मानला. आम्ही गाडी करून ज्युलीला नागपूरला नेले आणि शेवटपर्यंत मैदानापासून लांब, गाडीतच थांबलो. तिची पाळी आली तेव्हा निम्मे लोक निघून गेले होते. तिने जमीन जरा जास्तच हुंगली, एकदा वस्तू आणायचीही विसरली. बक्षीस काही मिळाले नाही. पण तिची वर्षभराची मेहनत फुकट गेली नाही, याचेच भाचीला समाधान.

मी अर्धवेळ शिक्षिका आहे. खोखोच्या सरावाला दर महिन्याला दोनचार मुली कोपऱ्यात बसलेल्या दिसतात. पोट दुखत असेल तिने जरूर बसावे. पण कितीतरी जणी नुसत्या घरून सांगितले आहे म्हणून, नाहीतर शाळेत कापड बदलायला आडोसा नाही म्हणून बसतात. माणसाची तुलना जनावराशी कशाला, असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. कुत्रीच्या बाबतीत निदान खरी अडचण तरी आहे. आपल्या मुलींच्या बाबतीत तीही नाही. त्यांना शेवटचा नंबरसुद्धा लावायला नको. हवे आहे पाणी, कडी लागणारे दार आणि "जा, खेळ" म्हणणारी आई.

सासूबाईंनी मुक्या जनावराला जी माया दाखवली, तिच्यातला थोडा वाटा आपल्या लेकीसुनांनाही मिळावा, एवढेच म्हणणे.