रंगमंचाचा उजेड आणि साधा कॅमेरा

बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे ज्या घराने पाहिली नाहीत असे मराठी घर विरळा. परंतु ती बारकाईने पाहिली असता एक गोष्ट ध्यानात येते. मागे रंगविलेला पडदा, बाजूस नक्षीची तिवई, आणि नटाची मुद्रा अगदी निश्चल. हा देखावा नाट्यगृहातला नव्हे, फोटोवाल्याच्या स्टुडिओतला आहे. त्या काळच्या काचांवर चित्र उमटण्यास भरपूर उजेड लागे आणि रंगमंचावर तो नसे. मॅग्नेशियमची भुकटी उडवावी, तर प्रेक्षकांचे डोळे दिपत आणि धुराने सभा भरून जाई. तेव्हा ज्यांच्या पदांनी रात्रीची पहाट होत असे, ते पद ऐन रंगात आले असता कसे दिसत, हे या चित्रांवरून कळत नाही. ते नुसते उभे कसे राहत एवढेच कळते.

ही अडचण प्रथम सुटली ती परदेशात. 1924 साली जर्मनीत एर्मानॉक्स नावाचा लहानसा कॅमेरा निघाला. त्याचे भिंग इतके मोठ्या तोंडाचे होते की दिवाणखान्यातील दिव्यांवर चित्र घेता येई. एरिख सालोमन या गृहस्थाने 1928 साली एका खटल्याच्या वेळी हा कॅमेरा टोपीत दडवून नेला आणि भर न्यायालयात चित्रे घेतली, ही कथा प्रसिद्ध आहे. युक्ती अचाट खरी. पण आमच्या शिक्षकी पिंडास ती रुचत नाही. पुढे 1954 साली कोडॅकची ट्राय-एक्स ही जलद फिल्म लहान कॅमेऱ्यांसाठी निघाली आणि जगभरच्या वृत्तपत्री छायाचित्रकारांस संध्याकाळनंतरही काम करता येऊ लागले. आज त्या फिल्मचे काम एका आकड्याने होते. कॅमेऱ्यातील चाक 1600 किंवा 3200 वर फिरविले की झाले. चित्रात वाळूसारखे कण दिसतात खरे. पण कण दिसलेले चित्र हे न घेतलेल्या चित्रापेक्षा केव्हाही बरे.

आमच्या पुतण्याजवळचा कॅमेरा दुकानदार नवशिक्याच्या हाती देतो त्या जातीचा आहे. त्याबरोबर आलेले भिंग 18 ते 55 मिलिमीटरचे. भिंगाचे तोंड किती उघडते हे सांगणारा आकडा जितका लहान तितका उजेड अधिक, हे उलटे गणित प्रथम मनात ठसवावे लागते. या भिंगाचा आकडा रुंद दृश्याच्या वेळी 3.5 असतो, परंतु नटाचा चेहरा जवळ आणावा म्हणून ते 55 पर्यंत लांबविले की तोच 5.6 होतो, आणि आत येणारा उजेड सुमारे अडीच पटींनी घटतो. तात्पर्य, मागच्या रांगेत बसून दृश्य ओढून घेण्यापेक्षा परवानगी काढून चार रांगा पुढे सरकावे. याहून चांगला उपाय म्हणजे 50 मिलिमीटरचे, 1.8 आकड्याचे साधे भिंग. ते मागेपुढे होत नाही, आपणच व्हावे लागते, पण 5.6 च्या मानाने जवळजवळ दसपट उजेड घेते. ते विकत घेतेवेळी आमच्या वडील वहिनींनी, "एक असताना दुसरे कशाला रे?" असा रोखठोक प्रश्न केला होता. पुतण्याने उत्तर दिले नाही. देवघरातील समईच्या उजेडात त्यांचाच जप करतानाचा फोटो काढून दाखविला. मग प्रश्न मिटला.

या भिंगाची खरी परीक्षा परळच्या दामोदर नाट्यगृहात झाली. 1911 साली ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे हे नाट्यगृह 1922 पासून गिरणगावाच्या मध्यभागी उभे होते. दादरचे शिवाजी मंदिर 1965 सालचे. म्हणजे त्यापुढे ते अगदी धाकटे. दामोदरात कामगारांची नाटके होत, आणि कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची मंडळे तेथे नमन आणि शक्ती-तुरा यांचे प्रयोग लावीत. गिरगावच्या साहित्य संघात संगीत नाटके पाहिलेल्या आमच्यासारख्यांनी नमनाकडे वळून पाहण्याची रीत नव्हती. ती रीत काही फारशी चांगली नव्हती, असे आमचे मत आहे. 2023 च्या अखेरीस दामोदर पुनर्बांधणीसाठी बंद झाले. त्याच्या आदल्या वर्षी पुतण्याच्या कचेरीतील एका स्नेह्याच्या गावच्या मंडळाचे नमन तेथे होते, म्हणून आम्ही दोघे गेलो.

नमनातील संकासूर म्हणजे कॅमेऱ्यास पडलेले कोडेच. अंगावर काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, आणि मागे गडद पडदा. कॅमेरा बिचारा समजतो की सगळीकडे काळोख आहे. तो चित्र उजळू लागतो आणि मग दाढी नि शेजारच्या वादकांचे चेहरे चुना फासल्यासारखे पांढरेफटक होतात. उपाय एवढाच की सर्व दृश्याचा उजेड न मोजता फक्त चेहऱ्यावरचा मोजावा, आणि तरीही मन साशंक असेल तर मुद्दाम थोडे काळे घ्यावे. काळे मागाहून उजळता येते. जळालेले पांढरे परत येत नाही. हल्लीच्या एलईडी दिव्यांचा आणखी एक चाळा असा की त्यांतील कित्येक आपल्या डोळ्यांस न कळत सेकंदास शंभर वेळा लुकलुकतात. अशा दिव्यांखाली फार जलद गतीने चित्र घेतले तर त्यावर आडवे पट्टे उमटतात. 1/100 ची गती ठेवली असता बहुधा निभावते.

परंतु या गतीस नाचणाऱ्याचा पाय काही स्थिर मिळत नाही. येथे आमच्या संस्कृताचा थोडा उपयोग झाला, तो सांगतो. भरतमुनींनी आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. त्यांतील स्तंभ म्हणजे जागीच थिजून जाणे, हा कॅमेऱ्याचा मित्र. नाचणारा गिरकी संपवून क्षणभर थांबतो, गवई समेवर येतो, गवळणीतली मावशी टोमणा मारून हशाची वाट पाहते, या प्रत्येक जागी निमिषभर स्तंभ असतो. तो येणार हे ज्यास आधी कळते त्याला साध्या कॅमेऱ्यानेही काम साधते. आणि ते कळण्यासाठी ताल ऐकावा लागतो. वेपथु, म्हणजे कंप, याचे मात्र चित्रात धुके होते. हे धुके सर्वदा दोषच का, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकात मिळाले नाही, लालबागेत मिळाले.

त्या रात्री मृदंग वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी गिरणीत होते असे कळले. पुतण्याने त्यांची दोन चित्रे घेतली. एकात ते थाप मारून थांबले आहेत, सर्व अगदी स्पष्ट. दुसऱ्यात चेहरा स्पष्ट, पण दोन्ही हातांच्या जागी नुसती पांढुरकी झुळूक. पुतण्या हे दुसरे पुसून टाकणार होता. पुढल्या वर्षी ते गृहस्थ वारले. त्यांच्या मुलाकडे वडिलांचा ओळखपत्रावरचा फोटो तेवढा होता, म्हणून तो विचारीत आमच्याकडे आला. दोन्ही चित्रे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "दादा, हेच मोठे करून द्या. ह्यात बाबांचा हात चालू आहे." त्याने निवडले ते धुक्याचे. लालबागेतील त्या चाळीच्या खोलीत आम्ही ते भिंतीवर पाहिले. कणही दिसत होते, कोणास त्याचे काही वाटले नव्हते.

फ्लॅशविषयी मात्र आमचे मत कडक आहे. एका नाट्यगृहात (नाव सांगत नाही) एका गृहस्थाने दुसऱ्या रांगेतून फ्लॅश उडविला आणि नटीचे वाक्य मध्येच तुटले. बरे, त्या फ्लॅशने मिळते काय? नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांवर कोणी महिनाभर खपले असेल, ते सर्व एका चमकेत धुऊन जाऊन बारशाच्या फोटोसारखे सपाट चित्र उरते. मोबाइलचा रात्रीचा प्रकार याहून सभ्य. तो पाठोपाठ अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक करतो. बसलेल्या गवयास तो उत्तम, पण नाचणाऱ्यास तीन हात फुटतात. आणि त्याचा पडदा मागच्यांच्या डोळ्यांत जातो तो जातोच.

सर्वांत सोयीची वेळ रंगीत तालमीची. प्रेक्षक नसतात, दिवे पुरे असतात, मंडळींस आधी विचारले तर नको म्हणणारे थोडे. कोपरे छातीशी घ्यावीत, खांबास टेकावे, श्वास सोडता सोडता कळ दाबावी. पुतण्या सध्या आपल्या मोठ्या मुलीस हे शिकवीत आहे. ती दर चित्रानंतर पडद्यात डोकावते, त्यावरून दोघांची रोज कुरबुर चालते.