माझ्या ढिगातली मिरची

मिरचीच्या हंगामात धर्माबादला उतरणाऱ्या नवख्या माणसाला स्टेशनावरच ठसका लागतो. आम्हाला लागत नसे. सातवीत असल्यापासून मी शाळा सुटली की आडतीमागच्या पटांगणात देठ खुडायला जायचे. मजुरी किलोवर. बसण्याआधी बोटांना गोडंतेल चोळायचं, डोळ्याला हात लावायचा नाही आणि वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, हे मला अक्कानं शिकवलं.

अक्का आमच्या नात्यातली नव्हती. गोदावरीपलीकडून, निजामाबादकडून लग्न होऊन ती इकडे आली होती. तिच्या मराठीत तेलुगू अशी मिसळलेली असायची की कुठला शब्द कुठला, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. वाऱ्याला ती ‘गाली’ म्हणायची. मार्चमधली एक दुपार आठवते. सकाळपासून उगवतीचं कोरडं वारं वाहत होतं, ते एकाएकी पडलं. पानही हलेना. मग मावळतीकडून गार झोत आला, इतका हलका की बाकी कुणाच्या लक्षातही आला नाही. अक्का हातातली मिरची टाकून उठली आणि म्हणाली, “गाली तिरिगिंदि.” वारं फिरलं. तिनं आरडाओरडा करून सगळ्यांना उठवलं आणि ताडपत्र्या ओढायला लावल्या. पंधरा-वीस मिनिटांत गारा सुरू झाल्या. शेजारच्या पटांगणातली मिरची भिजली. भिजलेल्या मिरचीवर डाग पडतात आणि तिला भाव मिळत नाही. आमची वाचली.

पुढे भूशास्त्र शिकून मी गोव्यातल्या एका प्रयोगशाळेत कामाला लागले. काम निवडण्याचंच होतं. समुद्रतळातून नळीनं काढलेला गाळ बारीक चाळणीवर धुवायचा, वाळवायचा, काळ्या तबकात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातले शिंपले एकेक करून उचलायचे. हे शिंपले फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांचे असतात. त्यातले पुष्कळसे समुद्राच्या वरच्या थरात तरंगत जगतात आणि मेले की त्यांचं कवच तळाशी जातं. माझ्याबरोबरची मुलं तासाभरात कंटाळून उठायची. मी दिवसभर बसायचे. मान कधी सैल सोडायची, नजर कधी उचलायची, खराब दाणा बोटाला न लावता बाजूला कसा सारायचा, हे मला आधीच येत होतं. सरांनी विचारलं, “एवढा धीर कुठून आणलास?” मी म्हटलं, “मिरचीतून.”

त्या शिंपल्यांत ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाची एक जात आहे. तिला थंड, भरपूर खाद्य असलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडून येणारा वारा सोमालियाजवळ वळतो आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहत आपल्याकडे येतो. जाताना तो किनाऱ्यालगतचं वरचं पाणी आत समुद्रात ढकलतो. त्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं आणि ही जात तिथे फोफावते. म्हणून एखाद्या थरात बुलॉइडिस किती, यावरून त्या काळी नैर्ऋत्येचा वारा किती जोरात होता, याचा अंदाज बांधता येतो. हिमयुगाच्या थरांतून वर मोजत येताना जिथे ही जात वाढू लागते, तिथे पहिल्यांदा माझी नजर थांबली आणि मला ती गारांची दुपार आठवली. वारं इथे फिरलं होतं.

ते कसं फिरलं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सुमारे 21 हजार वर्षांपूर्वी कॅनडावर आणि उत्तर युरोपवर काही किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. एवढं पाणी जमिनीवर गोठल्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. कोकणचा किनारा आजच्यापेक्षा बराच पश्चिमेला होता. आशिया खंड थंड असे. उन्हाळ्यात जमीन पुरेशी तापत नसे, त्यामुळे समुद्रावरचं दमट वारं जोर धरत नसे. हिवाळ्यातलं ईशान्येचं कोरडं वारं मात्र जोरात वाहायचं.

पृथ्वीच्या कक्षेत आणि कलात हजारो वर्षांच्या चालीनं बदल होत गेले. उत्तरेतल्या उन्हाळ्याचं ऊन वाढलं आणि बर्फ वितळू लागलं. पण हे सरळ रेषेत झालं नाही. वितळलेलं गोडं पाणी उत्तर अटलांटिकवर पसरलं. तिथे एरवी खारं, जड पाणी थंड होऊन खोल बुडतं आणि त्या ओढीनं दक्षिणेकडचं गरम पाणी उत्तरेला येत राहतं. गोडं पाणी हलकं असतं, ते बुडेना. प्रवाह मंदावला, उष्णता दक्षिणेकडे साचली आणि उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला. दक्षिण गोलार्धातलं पश्चिमेचं सोसाट्याचं वारंही त्याच काळात अंटार्क्टिकाकडे सरकलं. तिथलं खोलातलं पाणी वर आलं आणि समुद्राच्या पोटात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सुटला. हिमयुगाच्या ऐन भरात हवेच्या दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे 190 भाग होते. हिमयुग सरताना ते 265 च्या आसपास गेले. त्यानं पृथ्वी आणखी तापली.

सुमारे 14,700 वर्षांपूर्वी अटलांटिकचा प्रवाह पुन्हा जोरात सुरू झाला आणि आपल्याकडचा मोसमी वाराही सावरला. मग 12,900 वर्षांपूर्वी उत्तरेत थंडी परतली आणि मोसमी वारा पुन्हा ढिला पडला. 11,700 वर्षांपूर्वी ती थंडी सरली. त्यानंतर मात्र नैर्ऋत्येचं वारं असं आलं की पुढची काही हजार वर्षं आजच्यापेक्षाही जोरात वाहिलं. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळातही त्याच सुमाराला, 11 हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, पाऊस वाढल्याची खूण सापडते. सोमालियाजवळ वळलेला वारा आमच्या मुलखाजवळ पोहोचला होता.

धर्माबादचा स्वतःचा पुरावा मात्र बंगालच्या उपसागरात आहे. 2006 मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजानं गोदावरीच्या मुखासमोर, किलोमीटरभराहून खोल पाण्याखालून गाळ काढला. तो उपक्रम समुद्रतळाच्या इंधनवायूच्या शोधाचा होता, पण त्या गाळात नदीच्या खोऱ्यातल्या झाडापानांवरचं मेण टिकून राहिलेलं होतं. त्या मेणातल्या कार्बनवरून झाडं जास्त होती की उन्हाळी गवतं, हे सांगता येतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हिमयुगानंतरच्या ओल्या काळात झाडोरा जास्त होता, सुमारे 4 हजार वर्षांपूर्वीपासून कोरड्यात तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्या आणि 1,700 वर्षांपूर्वी त्या आणखी वाढल्या. ज्वारी आमच्या ताटात का आली, याचं एक उत्तर त्या मेणात आहे. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की गेल्या काही हजार वर्षांत त्या गाळात दख्खनच्या काळ्या मातीचा वाटा वाढत गेला. ती माती आमच्या शिवारांची आहे. आज तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे 1 जुलैला त्याचे दरवाजे उघडतात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे राहतात. नदी गढूळ वाहते ते नेमके हेच महिने.

एका दिवाळीत मी काचेच्या पट्टीवर चिकटवलेले शिंपले आणि भिंग घेऊन अक्काकडे गेले. तिनं पट्टी उजेडात धरली.

“खसखस आहे का ग ही?”

“शिंपले आहेत, अक्का. दहा-बारा हजार वर्षांपूर्वीचे. वारं फिरलं तेव्हाचे.”

तिनं भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “निवडले कुणी?”

“मी.”

“चांगले निवडलेस. एकसारखे आहेत.” थोडं थांबून म्हणाली, “पहिल्या वर्षी तुला जमत नव्हतं. देठाबरोबर मिरचीच तोडायचीस.”

तेव्हा मला ते उमगलं. अक्काची खुडण्याची तऱ्हा वेगळी होती. देठाबरोबर हिरवी टोपी पूर्ण निघायची आणि मिरचीला चीर पडत नसे. पहिल्या वर्षी संध्याकाळी काट्यावर जाणाऱ्या माझ्या ढिगात तशा मिरच्या निम्म्याहून जास्त असायच्या. मी पाणी प्यायला उठले की ती आपल्या पाट्या माझ्या ढिगात रिकाम्या करत असणार. मला वाटायचं, आपला हात सुधारतोय. त्या पैशांतून माझी वह्या-पुस्तकं आली. पुढे दहावीच्या वर्षी परीक्षेची फी भरायला कमी पडलेले पैसे आईला कुणी उसने दिले, तेही त्या दिवशी मी विचारलं. अक्का म्हणाली, “जुन्या गोष्टी कशाला?” आणि चहा टाकायला उठली.

अक्का आता नाही. माझं नाव छापलेल्या पहिल्या शोधनिबंधाच्या आभारात मला तिचं नाव लिहायचं होतं. तिथे संस्थांची आणि अनुदानांची नावं असतात. मी लिहिलं नाही, ही माझी चूक झाली. पुढच्या निबंधात ते आहे.