जीपचे पासिंग

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादे जुने वाहन असेल. वडिलांची स्कूटर असेल, काकांची फियाट असेल, शेतावर उभा असलेला एखादा ट्रॅक्टर असेल. अशा वाहनाची एक तारीख घरातल्या सर्वांना पाठ असते. ती पासिंगची तारीख. कायद्याच्या भाषेत याला ‘नोंदणी प्रमाणपत्राचे नूतनीकरण’ असे लांबलचक नाव आहे, परंतु अमरावती-अकोल्याकडे कोणी ते उच्चारत नाही. गाडी ‘पासिंगला न्यायची’ असते, जशी मुले परीक्षेला न्यायची असतात. नोकरी, घर आणि शेती सांभाळून परीक्षेला बसणाऱ्या तुम्हा मंडळींना या शब्दातली धाकधूक वेगळी समजावून सांगायला नको.

खासगी वाहनाची पहिली नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ते वाहन मोटार वाहन निरीक्षकासमोर उभे करावे लागते. मुदत संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीसाठी या कामाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पर्यावरण कर वेगळा. पैशांचा भाग तिथे संपतो. उरतो तो वाहनाचा भाग, आणि मला तुमच्याशी बोलायचे आहे ते त्याविषयी.

आमच्याकडे महिंद्राची जीप आहे. नोंदणीचे साल १९७२. महाराष्ट्रातल्या मोठ्या दुष्काळाचे ते वर्ष. ही जीप तेव्हा सरकारी कामावर होती आणि दुष्काळी कामांच्या खडीमातीतून फिरलेली होती, असे वडील सांगत. १९८१ साली सरकारी लिलावात त्यांनी ती घेतली आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आणली. महिंद्रा कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास विलीज जीपची जुळणी आपल्या देशात सुरू केली. त्या घराण्यातली आमची गाडी ‘सीजे-३बी’ जातीची, म्हणजे उंच बॉनेटची. पुढची काच खाली पाडता येते. वर ताडपत्री, आत गरजेपुरती बैठक. एवढ्या साध्या गाडीत बदल करण्याचा मोह कोणाला होणार नाही?

वडिलांना तो झाला, आणि त्याला कारणेही होती. मूळचे पेट्रोल इंजिन कापसाच्या भावात परवडेना, म्हणून १९८७ साली त्यांनी मोडीत निघालेल्या एका दुसऱ्या महिंद्रा जीपचे डिझेल इंजिन बसवले. तेव्हा १९३९चा मोटार वाहन कायदा चालू होता. वडिलांनी रीतसर परवानगी घेतली. नोंदणी पुस्तकाच्या एका पानावर नवा इंजिन क्रमांक, ‘इंधन : डिझेल’ अशी नोंद आणि शिक्का आहे. पुढे ताडपत्रीच्या जागी पत्र्याचा टप आला. मागे लोखंडी सांगाडा वाढवून दोन लांब बाकडी आली. पुढे बैलगाडीचे धुरकुलेही अडेल असा जाड लोखंडी गार्ड आला. या तिन्ही गोष्टींचा पुस्तकात उल्लेख नाही. पुस्तकाप्रमाणे गाडीत चालक धरून पाच माणसे बसतात. प्रत्यक्षात शाळेच्या दिवसांत मी त्यात तेरा मोजली आहेत.

मग इतकी वर्षे पासिंग कसे होत होते? सोपे होते. आदल्या दिवशी वडील बोल्ट सोडत, टप उतरवत, बाकडी गोठ्यात ठेवत, ताडपत्री ताणत आणि अकोल्याला जात. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा जागेवर. पाच वर्षांतून दोन दिवस आमची जीप पुस्तकाप्रमाणे असे. वडील मुळात खोटे बोलणारे नव्हते. गाव त्या टपाखाली बसत होते आणि नियम अकोल्यात होता, एवढाच त्यांचा हिशेब.

२०१९चे पासिंग त्यांनी असे केले. २०२४ साली ते नव्हते आणि पुस्तक माझ्या हातात आले.

त्या वर्षी मला पहिला सल्ला मिळाला तो वेगळाच. एका सहकाऱ्याने सुचवले, ‘गाडी पन्नास वर्षांची झाली आहे, व्हिंटेजमध्ये टाका.’ केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अशा वाहनांसाठी नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नासांहून अधिक वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. मला क्षणभर भुरळ पडली. नियम वाचल्यावर ती उतरली. अशी गाडी मूळ रूपात असावी लागते. तिचा सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. शिवाय ती प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, इंधन भरायला रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. आमच्या जीपला सरकी आणायची असते. वयाने ती पात्र होती, आयुष्याने नव्हती. मोटारींच्या जगात वारसा म्हणून मान मिळतो तो न बदललेल्या गाडीला. जी राबली, तिला बदलावेच लागले. हा नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण संग्रहाला मूळ प्रत हवीच असते. पण तो आमच्या गाडीसाठी केलेला नव्हता.

म्हणून नेहमीचाच मार्ग धरला आणि जीप अमरावतीला एका मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांना जुन्या जीपची हाडे माहीत आहेत. त्यांनी आधी इंजिनाकडे पाहिलेही नाही. चारही चाके उतरवली, गाडी ओट्यांवर ठेवली आणि ब्रेकचे ड्रम काढले.

आता इथे जरा थांबू या, कारण पासिंगचा खरा जीव इथे आहे. या जीपला चारही चाकांना ड्रम-ब्रेक असतात. पायाखालचा दट्टा दाबला की मास्टर सिलिंडरमधले तेल नळ्यांतून चाकांपर्यंत जोर पोहोचवते, आणि लायनर ड्रमला आतून घट्ट धरतात. आमच्या गाडीत ही सारी एकच वाट आहे. आजच्या मोटारींत त्या दोन असतात. एक फुटली तरी दुसरी निम्मा ब्रेक राखते. आमच्याकडे कुठेही एक नळी गळली की चारही चाके मोकळी. हँडब्रेक तर चाकांवर नाहीच, तो गिअरच्या पेटीमागच्या शाफ्टवर आहे. आणि ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. ओले झालेले तेल तापले की त्यात वाफ धरते, आणि दट्टा मऊ लागून खाली जातो. वऱ्हाडातल्या एका पावसाळ्यानंतर ते बदलावे, हे मिस्त्रीकाकांचे मत.

लायनर झिजून रिव्हेटांपर्यंत आले होते. एका चाकाचा सिलिंडर पाझरत होता. काका हात पुसत म्हणाले, “भाऊ, तुमच्या वडिलांनं पळाचं सगळं वाढवलं. थांबाचं काईच नाई वाढवलं.”

हे वाक्य मी कित्येक दिवस मनात फिरवत होतो. खरेच होते ते. डिझेल इंजिन मूळच्या इंजिनापेक्षा जड. पत्र्याचा टप जड, गार्ड जड, बाकडी जड, त्यांवर बसणारी माणसे त्याहून जड. आणि हे सारे अडवायला १९७२ सालचे तेच चार ड्रम. शिवाय रस्ताही बदलला. वडिलांनी गाडी घेतली तेव्हा मूर्तिजापूरचा रस्ता असा होता की गाडीपेक्षा खड्डेच तिला थांबवत. आता तो राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. तुमच्यापैकी अमरावती-अकोल्याच्या मंडळींना ठाऊकच असेल, ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर एकेरी मार्गिकेचे डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्या गुळगुळीत रस्त्यावर आमची म्हातारीसुद्धा जोरात धावू लागते. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, ढोबळमानाने चौपट होते. चाळीसच्या वेगाला जे अंतर पुरे, ते ऐंशीला चार वेळा लागते. गाडीला हे कळत नाही. पुढच्या ट्रकलाही नाही.

मी विचारले, पुढच्या चाकांना नव्या जीपचे डिस्क-ब्रेक बसवता येतील का? येतील, काका म्हणाले, पण मग कायद्याचे काय? १९८८च्या मोटार वाहन अधिनियमातले कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, हा त्याचा गाभा. जे बदल चालतात, तेही चौदा दिवसांच्या आत कळवावे लागतात. केरळातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. आता ब्रेकचा प्रकार काही नोंदणी पुस्तकात लिहिलेला नसतो. त्यामुळे वाद घालायला जागा होती. मात्र दुसऱ्या गाडीचा धुरा आणि सिलिंडर जोडून, कोणी न तपासलेली रचना घेऊन, मी आईला शेजारी बसवून महामार्गावर निघावे, हे मला पटेना. सुधारणा म्हणून केलेली गोष्टही आधी कोणीतरी मोजलेली असावी लागते.

तेव्हा उलट बाजूने विचार केला. थांबण्याची ताकद वाढवता येत नसेल, तर ओझे कमी करता येते.

मूळ ड्रम लेथवर साफ केले. नवे लायनर, चारही चाकांचे नवे सिलिंडर, नवा मास्टर सिलिंडर, सगळ्या नळ्या नव्या. किंग-पिन आणि टाय-रॉडची टोके बदलली, तेव्हा स्टिअरिंगमधला चार बोटांचा खेळ एका बोटावर आला. पंप आणि नोझल तपासून धुराचे माप घेतले. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे, ती आमच्या इंजिनाने सहज पाळली. मला त्याचे फार कौतुक वाटले, काकांना अजिबात नाही. दिवे, वायपर, आरसे यांचे सांगण्यासारखे काही नाही.

राहिला टप. काकांनी तो सोडून भिंतीला लावून ठेवला आणि सवयीने म्हणाले, “पासिंग झालं का घेऊन या, लावून देतो.” मी म्हणालो, लावायचा नाही. बाकडी आणि गार्डही नाही. सांगाड्याला जोडलेले कोन गॅसने कापून टाका, म्हणजे बोल्ट लावायला जागाच राहणार नाही. काकांनी चष्मा काढला. “वडिलांच्या हातचं हाय ते,” एवढेच बोलले. कोन त्यांनी कापले, पण त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी.

खरी परीक्षा गावी होती. आईने टपाविना गाडी पाहिली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी तिला ओझ्याचे, ड्रमचे, महामार्गाचे सारे सांगितले. ती ऐकत होती. मग म्हणाली, “त्या टपाखाली तुह्या बहिणीले अकोल्याले नेलं होतं. पाणी कसं पडत होतं, आठोते का?” आठवत होते. १९९३चा पावसाळा. ताईचे दिवस भरलेले, नाल्याला पूर, आणि रात्री वडिलांनी जीप काढलेली. बाकड्यावर गादी टाकून ताई आडवी झालेली, पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की तिचे कण्हणे ऐकू येत नव्हते. भाचा पहाटे अकोल्यात जन्मला. आज त्याने तिशी ओलांडली आहे. त्या रात्री ताडपत्री असती तर काय झाले असते, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आणि त्या रात्री तो झिजका ब्रेक लागला नसता तर, हा प्रश्न मी आईला विचारला नाही. तो टप तिला एका रात्रीमुळे प्रिय होता. मला मात्र पुढच्या पाच वर्षांच्या रात्री मोजायच्या होत्या. आम्हा दोघांचेही बरोबर होते, आणि जीप एकच होती.

टप शेवटी बकऱ्यांच्या गोठ्यावर गेला. एक बाकडे ओसरीवर आले.

अकोल्याला आई सोबत आली, ताईकडे जायचे म्हणून. निरीक्षक तरुण होते. त्यांनी चेसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. कागदावर एकेक अंक उमटत गेला आणि त्यांनी तो पुस्तकाशी ताडून पाहिला. इंजिनाचा क्रमांक जुळेना, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी वडिलांचे १९८७चे पान उघडून दिले. त्यांनी शिक्का वाचला, तारीख वाचली, पुन्हा इंजिनावर वाकले आणि मान हलवली. बसायच्या जागा मोजल्या. पाच. मग गाडी थोडी पळवून ब्रेक दाबायला सांगितला. जीप सरळ रेषेत थांबली, डावीकडे न ओढता. मागच्या सांगाड्यावरच्या कापलेल्या खुणांवर त्यांनी बोट ठेवले आणि विचारले, “इथे काही होतं का?” मी हो म्हणालो, काय होते तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि अर्जावर सही केली.

परतताना बोरगाव मंजूच्या पुढे पाऊस आला. ताडपत्री नवी होती, तरी बाजूने पाणी आत येत होते. आईने पदर डोक्यावर घेतला, पाय वर ओढून घेतले. मी वेग कमी केला. बराच वेळ वायपरचाच काय तो आवाज होता. मूर्तिजापूर जवळ आले तेव्हा तिने विचारले, “आता हे किती वर्सं चालते?”

“पाच,” मी म्हणालो.

“मंग बाजूले पडदे शिवून घे,” ती म्हणाली. “ताडपत्रीचेच घे. जड नको.”