यावर पत्रिका होते का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि दिवाळी उरकताच चुलतभावाने प्रेसमधले जुने कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरवलं. ते बिघडलेले नव्हते. बटण दाबलं की सुरू होत होते, प्रिंट देत होते. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती त्यांच्यात नव्हती. "किलोवर घेतो म्हणतोय," भाऊ फोनवर म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितलं आणि रविवारी कराड गाठलं.

प्रेसचं शटर वर गेलं की शाईचा आणि रॉकेलचा जो वास येतो, तो अजून तसाच आहे. टेबलाचा खण उपसताना वायरींच्या गुंत्यात ते लॉक हाताला लागलं. करड्या रंगाचं, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेलं, काडेपेटीएवढं. मी तिथेच स्टुलावर बसले.

हे लॉक म्हणजे काकांची पंचवीस वर्षांची काळजी. खिळे जुळवायचं काम बंद करून त्यांनी डीटीपी सुरू केलं, तेव्हा मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर ते आलं होतं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला ते लावलं तरच मराठी अक्षर उमटायचं. रात्री काका ते काढून कपाटात ठेवायचे आणि सकाळी देवपूजा झाल्यावर स्वतःच्या हाताने लावायचे. एकदा ऐन लग्नसराईत ते चालेना. पाच-सहा पत्रिकांची मॅटर अडकली होती, मुलीकडची माणसं बाकावर बसून होती. काका लॉक खिशात घालून एसटीने पुण्याला गेले. तिथे त्यांना नवं लॉक घ्या, पैसे भरा, असं सांगण्यात आलं. ज्या अक्षरांचे पैसे आधीच मोजले होते, त्यांचेच पुन्हा. काका काही बोलले नाहीत, पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात त्या पैशांचा विषय कुणी काढला नाही. मी तेव्हा शाळेत होते. तो राग माझ्यात आजही आहे, आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही.

पुढे कॉलेजात रिचर्ड स्टॉलमनची हकिकत वाचली, तेव्हा डोळ्यांसमोर काकाच आले. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सने एक लेझर प्रिंटर दिला होता. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरमध्ये स्टॉलमनने अशा वेळी सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय स्वतः केली होती. नव्या प्रिंटरचा सोर्स कोडच मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने कुणाला न देण्याचा करार केला होता. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला, पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या मुक्त परवान्याखाली आणला. वाचणारे या इतिहासात तत्त्वज्ञान शोधतात. मला त्यात अडकलेला कागद आणि ताटकळलेली माणसं दिसतात.

मी कॉलेजात होते त्या काळात उबुंटू या लिनक्सवरच्या प्रणालीच्या सीडी फुकट घरपोच यायच्या. इंटरनेटवर मागणी नोंदवायची, टपालखर्चसुद्धा द्यावा लागायचा नाही. माझं पाकीट आलं आणि सुट्टीत मी ते घेऊन प्रेसवर गेले. कामाची वेळ संपल्यावर एका रिकाम्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकलं. कुलूप नाही, किल्ली नाही, नोंदणीचा आकडा नाही. पडद्यावर मराठीत टाइप करून दाखवलं. काका चष्मा पुसून जवळ आले, बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांनी विचारलं, "अगं, यावर पत्रिका होते का?"

होत नव्हती. कराडात तेव्हा लग्नपत्रिका, हॅन्डबिलं, पावतीपुस्तकं, जत्रेच्या स्मरणिका सगळं पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये व्हायचं. पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं, म्हणून जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवायचे. आमची फाइल दुसऱ्या गावच्या प्रेसवर, तिथून प्लेटवाल्याकडे जायची, आणि प्रत्येकाकडे तेच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर लागायचं. एकट्या काकांनी बदलून काही साधलं नसतं. शेजारच्या टेबलावर फाइल उघडली नाही तर छापखाना बंद पडतो.

लिनक्स घराघरांतल्या कॉम्प्युटरवर कधी येणार, हा प्रश्न गेली कितीतरी वर्षं विचारला जातोय. उत्तरं देणारे पडद्याच्या देखणेपणाबद्दल बोलतात, वेगाबद्दल बोलतात. मला काकांचा प्रश्न या सगळ्यांहून नेमका वाटतो. लोक कॉम्प्युटर घेताना ऑपरेटिंग सिस्टिम निवडत नाहीत. दुकानातून जे आत भरून येतं ते वापरतात, आणि ज्यावर आपलं काम होतं त्यावर टिकतात.

कोरलचीच गोष्ट घ्या. महाराष्ट्रातल्या पत्रिकांवरचे गणपती आणि कलश ज्या कोरलड्रॉमध्ये रेखले गेले, ती कॅनडातली कंपनी १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स घेऊन बाजारात उतरली होती. २००० मध्ये तिने लिनक्सवर चालणारं कोरलड्रॉ ९ सुद्धा काढलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये १३ कोटी ५० लाख डॉलर गुंतवले. पुढच्या वर्षी कोरलने आपलं लिनक्स झँड्रॉस नावाच्या कंपनीला विकून टाकलं. ते कोरलड्रॉ टिकलं असतं, तर काकांना मी "होते" असं सांगू शकले असते का, याचा विचार मी अनेकदा केलाय. फॉन्टचा प्रश्न उरलाच असता. पण अर्धं अंतर तरी कापलं गेलं असतं.

म्युनिक शहराने २००३ मध्ये पालिकेचं काम लिनक्सवर न्यायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे १५ हजार कॉम्प्युटर बदलले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. केरळने मात्र शाळांपासून सुरुवात केली. तिथली मुलं मुक्त प्रणालीवरच कॉम्प्युटर शिकतात. आपल्याकडे २००१ पासून लाखो लोक एमएस-सीआयटी करून नोकरीला लागले, आणि त्यांच्या हाताला विंडोजची सवय तिथेच झाली. सवय ज्या बाकावर लागते, तिथे बाजार ठरतो. बाकी सगळीकडे लिनक्स आहेच. २०१७ पासून जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवरच चालतात, खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच कर्नल आहे. टेबलावर मात्र २०२४ च्या फेब्रुवारीत, स्टॅटकाउंटरच्या मोजणीत, तो पहिल्यांदा ४ टक्क्यांवर पोचला.

हे चार टक्के मला थोडे वाटत नाहीत, कारण ते कशातून आले हे मी पाहिलंय. गार्गी आणि लोहितसारखे मुक्त देवनागरी फॉन्ट कुणीतरी जोडाक्षरागणिक घडवले. मेनूमधला एकेक शब्द मराठीत आणण्यासाठी मुलामुलींनी नोकरी सांभाळून रात्री जागवल्या. पानं लावायच्या स्क्रायबसमध्ये देवनागरी नीट जुळत नव्हती. ओमानमधल्या एका गटाने अरबी लिपीसाठी त्याचा अक्षरजुळणीचा भाग नव्याने लिहिला, आणि त्याच कामामुळे आपली वेलांटी जागेवर आली. २०२४ च्या जानेवारीत ते सगळं स्क्रायबसच्या स्थिर आवृत्तीत सर्वांना मिळालं. अरबीसाठी राबणाऱ्यांनी कराडच्या छापखान्याचं नावही ऐकलेलं नसेल. तरी त्यांचं काम काकांच्या टेबलापर्यंत आलं, कारण त्याला कुणी लॉक लावलं नव्हतं. माझी सगळी श्रद्धा या एका गोष्टीवर आहे.

आता पत्रिका होते. चार रंगांची, युनिकोडमध्ये, पीडीएफ करून थेट प्लेटवाल्याकडे पाठवता येते. भंगारात निघालेल्यांपैकी दोन कॉम्प्युटरवर मी लिनक्स मिंट टाकलं. भावाने आठवडाभर पावतीपुस्तकांचं काम त्यावर केलं आणि बाकीचे द्यायचं तूर्त थांबवलं. काका हे पाहायला नाहीत.

पण हार्ड डिस्क तपासताना मला काकांचं जुनं काम सापडलं, आणि तेव्हापासून माझं लक्ष त्यातच गुंतलंय. गावातली लग्नं, बारशी, वर्षश्राद्धं, रक्तदान शिबिरं, पतसंस्थांचे अहवाल, कुस्त्यांच्या मैदानाची हॅन्डबिलं. गावाने स्वतःबद्दल जे जे छापून घेतलं ते सगळं. उघडलं की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते, कारण मागचे फॉन्ट आता कुणाकडे नाहीत आणि लॉक लावायला तसं पोर्ट उरलं नाही. महाराष्ट्रातल्या किती छापखान्यांत असाच मजकूर बंद पडून असेल! विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी, साहित्य संस्थांनी हे काम आजच हाती घ्यायला हवं. डिस्क भंगारात गेल्यावर ते करता येणार नाही.

अशा फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारे छोटे प्रोग्रॅम लोकांनी लिहून मोकळे करून ठेवलेत. आमच्या फॉन्टसाठी तसा तक्ता नव्हता. काकांच्या जुन्या छापील पत्रिका शेजारी ठेवून, कोणतं इंग्रजी चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हे मी एकेक करून लावतेय. 'क्ष' आणि 'ज्ञ' लागलेत, रफार अजून चुकीच्या अक्षरावर बसतो. तक्ता पुरा झाला की तोही मोकळा करीन, म्हणजे ज्याच्याकडे याच फॉन्टमधला मजकूर असेल त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.